शिडाच्या होडीचं इंजिन

बेंगळुराच्या चामराजपेटेत कुणाचं इंजिन अडलं की लोकांना व्यंकटअण्णा आठवतात, आणि इंजिन चालू झालं की त्यांचा विसर पडतो. यात लोकांना नावं ठेवण्यासारखं काही नाही. वैद्याची आणि मेस्त्रीची आठवण बऱ्या दिवसांत कुणाला येते? अण्णांच्या हे इतकं अंगवळणी पडलं होतं, की फोन वाजला तर ते ‘हॅलो’ म्हणत नसत. फोन कानाला लावायचे आणि विचारायचे, "काय बिघडलं?" एकदा पुण्याहून व्याह्यांनी दिवाळीच्या शुभेच्छा द्यायला फोन केला, तर त्यांनाही हेच विचारलं. व्याही बिचारे क्षणभर स्वतःच्या तब्येतीचाच विचार करत राहिले.

पूर्ण नाव व्यंकटेशराव माने. पूर्वज शहाजीराजांबरोबर बेंगळुरात आले, असं घरात सांगायची रीत होती. ती इथल्या प्रत्येक जुन्या मराठी घरात आहे, आणि ते सगळं खरं मानलं तर शहाजीराजांची फौज या गावात मावली नसती. ते असो. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड बोलत हे घराणं इथलंच झालं, आणि इतक्या पिढ्यांत त्यातल्या एकानंही समुद्र पाहिला नाही. लग्न झाल्यावर तुंगाबाई अण्णांना म्हणाल्या होत्या, एकदा गोकर्णाला जाऊन येऊ. "सरी, जाऊ," अण्णा म्हणाले. ‘सरी’ म्हणजे कन्नडातलं ‘बरं’. त्यानंतर जन्मभर कुणाचं ना कुणाचं इंजिन अडलेलंच होतं.

घराची पुढची खोली म्हणजे त्यांचं वर्कशॉप. लग्नाच्या हॉलांचे जनरेटर आणि आसपासच्या खेड्यांतले डिझेलचे पंप तिथं यायचे. पुढं बंद पेटीतले नवे जनरेटर आले, त्यांना कंपनीचा माणूस लॅपटॉप लावून तपासू लागला, आणि अण्णांच्या दारातली गर्दी हळूहळू ओसरली. मग तुंगाबाई गेल्या.

या घरातून फोन लावायचं खातं तुंगाबाईंचं होतं. रोज संध्याकाळी त्या मुलीला, मेघाश्रीला, फोन लावायच्या, मनसोक्त बोलायच्या आणि शेवटी फोन अण्णांच्या हातात द्यायच्या. "जेवलीस का?" "जेवले, अप्पा." "सरी." बाप-लेकीचं बोलणं एवढंच. तुंगाबाई गेल्यावर ते खातं बंद पडलं, आणि अण्णांनी ते चालवायला घेतलं नाही. त्यांचे गुरू परसू मेस्त्री सांगायचे, मेस्त्रीनं आपणहून गिऱ्हाइकाला हाक मारू नये, हाक मारली की त्याला वाटतं याच्याकडं काम नाही. आता पोटची मुलगी म्हणजे गिऱ्हाईक नव्हे, हे कुणीही सांगितलं असतं. पण सांगायला घरात कुणी उरलं नव्हतं.

मेघाश्री हेब्बाळच्या एका कंपनीत होती आणि एचएसआर लेआउटमध्ये राहायची. नवरा अभिराज, पुण्याचा. एका रविवारी दोघं आली आणि तिनं फोनमधले फोटो अण्णांपुढं धरले.

"अप्पा, आम्ही बोट घेतली."

"कुठली? हलसूरच्या तळ्यातली?"

"समुद्रातली. शिडाची यॉट. कोचीला उभी आहे, जुनी आहे. आम्ही तिच्यावरच राहणार आता. ऑफिसचं काम लॅपटॉपवर होतं."

अण्णांनी फोटो एकेक करून पाहिले. बाकी सगळं त्यांना परकं होतं. एका फोटोत जिन्याखालच्या कपाटात गंजून लाल झालेलं काहीतरी दिसलं, तिथं त्यांचं बोट थांबलं.

"ते इंजिन. डेड आहे," अभिराज म्हणाला. "ॲक्च्युअली आम्ही ते काढूनच टाकणार आहोत. प्युअर सेलिंगची मजाच वेगळी, अप्पा. नो नॉइज, नो डिझेल, फक्त वारा."

"काढायचं नाही हं, अभि," मेघाश्री म्हणाली. "वारा पडला तर काय करशील? आणि बंदरात शिरताना? अरुंद जागेत शिडावर कशी वळवणार? बॅटऱ्या पण त्याच्यावरच चार्ज होतात."

"आणि वारा चांगला असतो तेव्हा हे काय करतं?" अण्णांनी विचारलं.

"काहीच नाही. खाली बसून असतं."

"कुणी बघत नाही?"

"कशाला बघेल? बघितलं नाही म्हणून तर असं गंजलं."

अण्णांना त्या इंजिनाबद्दल एकदम आपुलकी वाटली. "पाठवून दे," ते म्हणाले. "मी बांधून देतो."

इंजिन टेम्पोतून आलं. दोन सिलिंडरचं, लहानसं, पण मिठानं खाऊन टाकलेलं. अण्णांनी ते सुटं केलं. रिंगा बदलल्या, बेअरिंगं बदलली, मिळाला नाही तो भाग स्वतः लेथवर करून घेतला. कितीतरी महिन्यांनी त्यांच्या खोलीतला दिवा दिवसासुद्धा जळत होता. या इंजिनाची एकच तऱ्हा त्यांना नवी होती. थंड राहायला ते बाहेरचं, समुद्राचंच पाणी एका तोटीतून आत ओढतं, आणि मग तेच पाणी धुराबरोबर सायलेन्सरमधून मागं फेकून देतं. म्हणून अण्णांनी शेजारी पाण्याचा निळा ड्रम ठेवून त्यात नळी सोडली. येणारे-जाणारे विचारू लागले, "काय अण्णा, चामराजपेटेत समुद्र आणला?"

त्या ड्रमनंच अण्णांना एक गोष्ट दाखवली. इंजिन चालू असलं की धूर पाण्याला बाहेर ढकलतो. पण इंजिन लागत नसताना नुसता सेल्फ मारत राहिलं, तर पंप पाणी ओढतच राहतो. ढकलायला धूर नसतो. सायलेन्सर भरतो आणि पाणी उलटं फिरून इंजिनात शिरतं. मग इंजिन संपलंच म्हणायचं. उपाय अगदी साधा होता. सेल्फ पुन्हा पुन्हा मारायची वेळ आली तर आधी तोटी बंद करायची, आणि इंजिन लागलं की लगेच उघडायची.

मेघाश्रीनं रजा काढली आणि इंजिन शिकायला ती रोज येऊ लागली. अण्णांच्या आयुष्यातले ते फार चांगले दिवस. मुलीच्या कोपरापर्यंत ऑइल, केसांना फडकं बांधलेलं, आणि दुपारी दोघं ओट्यावर बसून चित्रान्न खायची. तुंगाबाई गेल्यापासून अण्णा पहिल्यांदाच कुणाबरोबर जेवत होते. डिझेलचा फिल्टर कसा बदलायचा, नळीत शिरलेली हवा कशी काढायची, ऑइलचा रंग काय सांगतो, सगळं त्यांनी तिला हात धरून शिकवलं.

"आणि एक सांगतो. वारा कितीही चांगला असू दे, काम नसलं तरी हप्त्यातून एकदा याला चालू करायचं. बसून राहिलं की मरतं हे. आणि चालू केलं की लगेच बंद करायचं नाही. स्वल्प गरम होऊ द्यायचं. थंडच बंद करणं म्हणजे आलेल्या पाहुण्याला उंबऱ्यावरून परत पाठवणं."

मेघाश्री हसली. "सरी, अप्पा. गरम होऊ देईन. आणखी काही राहिलं का?"

तोटीची गोष्ट राहिली होती. अण्णांना ती ठाऊक होती, आणि राहिली आहे हेही ठाऊक होतं. पण परसू मेस्त्रींनी आपल्या शिष्यांना सगळं शिकवून डिझेल नेमकं कधी सोडायचं ते पंपाचं टायमिंग तेवढं स्वतःकडं ठेवलं होतं. ‘शेवटची गोष्ट दिली की शिष्य कशाला परत येईल?’ असं ते उघड म्हणायचे. आणि शिष्य खरंच शेवटपर्यंत येत राहिले. पंपाच्या निमित्तानं यायचे, बसायचे, कॉफी पिऊन जायचे. मेस्त्री गेले तेव्हा खांदा द्यायला माणसं मावत नव्हती. हे अण्णांच्या मनात घर करून बसलं होतं.

"एक-दोनदा सेल्फ मारून लागलं नाही, तर थांबायचं," ते म्हणाले. "मला फोन करायचा. पुढचं मी सांगतो."

"पुढं काय असतं?"

"तेव्हा सांगतो की."

इंजिन कोचीला गेलं, मुलगीही बोटीवर राहायला गेली, आणि सुरुवातीला फोन खूप आले. पट्टा चिरचिरतो. धूर काळा येतो. डिझेलमध्ये पाणी दिसतंय. "काय बिघडलं?" असं विचारताना अण्णांचा आवाज आतून उजळायचा. एका पट्ट्यासाठी ते पाऊण तास बोलायचे आणि मध्येच विचारून घ्यायचे, समुद्र आज कसा आहे, तिकडं भात कुठला मिळतो, अभिराजला पोहता येतं की नाही.

पण मुलगी हुशार, हेच वाईट झालं. पट्टा कसा ताणायचा हे एकदा सांगितलं की पट्ट्यासाठी पुन्हा फोन यायचा नाही. धुराचं सांगितलं, धुराचे फोन बंद झाले. अण्णा आपल्याच हातानं आपले फोन कमी करत होते. त्यात इंजिन त्यांनीच बांधलेलं, पहिल्या सेल्फला लागायचं. इतकं चांगलं कशाला बांधलं, असा विचार एकदा त्यांच्या मनात येऊन गेला आणि ते स्वतःवरच चिडले. त्या दिवशी त्यांनी उभ्या-उभ्या दहीभात खाल्ला आणि ताटली विसळून पुन्हा वर्कशॉपात येऊन बसले. काम काही नव्हतं. फोन तेवढा समोरच्या, लोखंड पकडायच्या वायसशेजारी ठेवलेला होता.

जानेवारीत एकदा तो वाजला.

"काय बिघडलं?"

"काही नाही बिघडलं, अप्पा. उद्या आम्ही लक्षद्वीपला निघतोय. परवाना मिळाला. मध्ये काही दिवस रेंज नसेल, म्हटलं सांगावं."

तोटीची गोष्ट अण्णांच्या अगदी ओठांवर आली. सांगायला एक मिनिट लागलं नसतं. पण मग हाताशी काय उरलं असतं? इंजिन पहिल्या सेल्फला लागतं, त्यांनी मनाला समजावलं. इतके महिने गरज पडली नाही, आताच कशाला पडेल? आल्यावर सांगू.

"पोचल्यावर फोन कर," ते म्हणाले.

"करते. जेवलात का?"

"जेवलो."

"सरी," असं म्हणून मेघाश्रीनं फोन ठेवला.

दोन दिवसांनी सकाळी वर्कशॉपाचं शटर वर ढकलताना अण्णांचे हात मध्येच थांबले. आपण मुलीला काय शिकवलं आहे, ते त्यांना तेव्हा लख्ख दिसलं. इंजिन लागलं नाही तर मला फोन कर. आणि जिथं ती गेली होती तिथून फोन लागतच नव्हता. म्हणजे भर समुद्रात तिच्याजवळ सगळं होतं, फक्त पुढची पायरी नव्हती. ती आपण खिशात ठेवून चामराजपेटेत उभे आहोत.

परसू मेस्त्रींचा नियम मोडून त्यांनी फोन लावला. ग्राहक व्याप्तीच्या बाहेर आहे, असं एक बाई कन्नडमध्ये शांतपणे सांगत होती. अण्णांनी तिचं ऐकून घेतलं आणि पुन्हा लावला. तो दिवस आणि दुसरा दिवस त्यांनी त्या बाईशीच काढला. ही काळजी कुणाला सांगावी तर शेजाऱ्यांना सांगण्यासारखी नव्हती, कारण सांगायचं तर आपण काय केलं तेही सांगावं लागलं असतं. तुंगाबाईंच्या फोटोसमोरूनसुद्धा ते मान खाली घालून जात होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. अण्णांना ‘काय बिघडलं’ विचारायचाही धीर झाला नाही.

"अप्पा, आम्ही ठीक आहोत," मेघाश्री म्हणाली. "बेटावर पोचलोय. इंजिन जाम झालंय."

मग तिनं सगळं सांगितलं. बेट समोर दिसत असताना वारा साफ पडला. बेटाभोवती पाण्याखाली प्रवाळाची भिंत, तिच्यातून आत जायला एकच अरुंद वाट. शिडं लोंबत होती, आणि समुद्राचा ओढा बोटीला त्या भिंतीकडं नेत होता. इंजिन चालू केलं, थोडं चाललं आणि बंद पडलं. लाटांनी टाकीतला गाळ ढवळून फिल्टर तुंबला होता.

"मी फिल्टर बदलला. हवा काढली. तुम्ही शिकवलं तस्संच. दोनदा सेल्फ मारला, नाही लागलं. मग थांबले, तुम्हाला फोन लावला. रेंज नव्हती. भिंतीवर फुटणाऱ्या लाटा दिसत होत्या, अप्पा. म्हणून मग मारतच राहिले. आणि एकदम ठक् झालं. मासेमारीची एक बोट आली आणि तिनं दोरी टाकून ओढलं, म्हणून वाचलो."

"तोटी उघडी होती?" अण्णांनी विचारलं.

"कुठली तोटी?"

अण्णा खाली स्टुलावर बसले. "पाण्याची. सेल्फ मारताना ती बंद ठेवायची असते. नाहीतर पाणी इंजिनात शिरतं. मला ठाऊक होतं."

"सांगायला विसरलात?"

मुलीनं सुटकेचं दार उघडून धरलं होतं. ‘हो’ म्हटलं असतं तर तिथंच मिटलं असतं.

"नाही," अण्णा म्हणाले. "विसरलो नाही. राखून ठेवलं. सगळं सांगितलं असतं तर तू मला फोन कशाला केला असतास?"

तिच्यामागं समुद्र वाजत होता. अण्णांनी समुद्र ऐकला तो असा, आणि तो त्यांना मुळीच आवडला नाही.

"आधी पाणी कसं काढायचं ते सांगा," मेघाश्री कोरड्या आवाजात म्हणाली. "बाकीचं राहू द्या."

अण्णांनी सांगितलं. दोन्ही सिलिंडरांवरचे डिझेल फवारणारे नोझल काढ. भोकांवर फडकं धर आणि हातानं इंजिन फिरव, पाणी उडेल. ऑइल काढून टाक, नवं घाल, फिरव, तेही काढ, पांढरट दिसायचं थांबेपर्यंत हे करत राहा. मीठ आत राहिलं तर चार दिवसांत सगळं खाऊन टाकेल. ती कामाला लागली. तिनं फोन बाजूला ठेवून दिला होता, त्यातून पान्यांचा आवाज यायचा, मध्येच अभिराजचं "ओके, नेक्स्ट?" ऐकू यायचं. या वेळी त्याच्या तोंडून प्युअर सेलिंगचा शब्द निघाला नाही. अण्णांनी त्या दुपारी हातचं काही राखलं नाही. न विचारलेलंही सांगितलं. पंपाचं टायमिंगसुद्धा सांगितलं, परसू मेस्त्रींनी कधीच दिलं नव्हतं आणि त्यांनी स्वतः धडपडून शोधलं होतं ते.

ऊन उतरायला आलं तेव्हा शेवटचा सेल्फ बसला. इंजिन खोकलं, अडखळलं आणि चालू झालं. तो आवाज अण्णांनी कुठंही ओळखला असता.

"तोटी उघड," ते ओरडले. "आणि बंद करू नकोस, गरम होऊ..."

"ठाऊक आहे," मेघाश्री म्हणाली आणि फोन कट झाला.

त्यानंतर फोन आला नाही. काही दिवसांनी ‘कोचीला पोचलो’ एवढा मेसेज आला, तोही अभिराजचा. अण्णांनी मुलीला दोष दिला नाही, देण्यासारखी जागाच नव्हती. आता तिला सगळं येत होतं. इंजिन बिघडलं तरी तिला चामराजपेटेची गरज नव्हती, आणि बिघडलं नाही तर नव्हतीच नव्हती. सकाळी ते शटर उघडायचे, संध्याकाळी ओढायचे. आतल्या खोलीत एकट्याच्या कॉफीचं दूध उतू जायचं, कारण तेवढ्या जराशा दुधाचा अंदाज त्यांना अजून यायचा नाही. माणूस इतकं एकटं असू शकतं हे त्यांना तुंगाबाई गेल्यावरही कळलं नव्हतं. तेव्हा निदान वाट बघण्यासारखं काहीतरी होतं.

वर्कशॉपाच्या कोपऱ्यात अण्णांचा एक जुना जनरेटर होता. त्याला आता कुणी विचारत नव्हतं, पण अण्णा दर रविवारी त्याला चालू करायचे, आणि तो गरम होईपर्यंत समोर स्टूल टाकून बसायचे. एका रविवारी असेच बसले होते. जनरेटर आपल्या सुरात चालला होता. त्याच्याकडं काम नव्हतं, त्याच्यावर एक दिवाही लावलेला नव्हता. अण्णा त्याच्याकडं पाहत राहिले. मग त्यांनी फडक्याला हात पुसले, जनरेटर बंद केला आणि वायसशेजारचा फोन उचलला.

रिंग वाजू लागली. बिघाड नसताना फोन लावायची त्यांची ही जन्मातली पहिली वेळ होती. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं. ती उचलणार नाही, असंही वाटून गेलं.

"अप्पा?" मेघाश्रीचा आवाज घाबरलेला होता. "काय झालं? काय बिघडलं?"

"काही नाही. काही बिघडलं नाही."

"मग?"

फोन ठेवून द्यावा असं एकदा अण्णांच्या मनात आलं.

"काम नव्हतंच काही," ते म्हणाले. "नुसतं चालू करून बघितलं."

पलीकडं तोच समुद्र वाजत होता.

"मग लगेच बंद करू नका, अप्पा," मेघाश्री म्हणाली. "गरम होऊ द्या."